दुसरं इंजेक्शन

"अक्का, काही होणार नाही न्हवं?"

नंदा तपासणीच्या टेबलावर पालथी झोपली होती. उजवं पाऊल कडेच्या बाहेर काढलेलं. मी स्पिरिटच्या बोळ्यानं टाचेची आतली बाजू पुसत होते.

"काही होत नाही," मी म्हणाले. "हलू नको फक्त."

गुरुवार होता. गुरुवारी डॉक्टर कित्तूरकर ऑपरेशनं करायला बेळगावला जायचे आणि दुपारी आमचा दवाखाना बंद असायचा. किल्ली माझ्याकडे असे. शटर अर्धं खाली ओढून घेतलं होतं, त्याच्याखालून बाजाराच्या रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय दिसत होते.

सुई आत गेली तेव्हा नंदानं उशीचं टोक दातात धरलं. टाचेखालचं मांस गच्च असतं, औषध सहज शिरत नाही. मी अंगठ्यानं दट्ट्या हळूहळू रेटत राहिले. शेवटी सुई काढून कापूस दाबून धरला.

पंधरा मिनिटांनी ती उठली, उतरली आणि खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. मग टाचेवर उभी राहिली आणि हसली.

"अक्का, दुखतच न्हाई गं! महिना झाला मी टाच टेकली नव्हती."

"कुणाला बोलू नको. डॉक्टरांना कळलं तर माझी नोकरी जाईल."

"मी कशाला बोलू? तुझ्या गळ्याशप्पथ."

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि नंदा एकोणीस. वडील ती नऊ वर्षांची असताना गेले. अव्वा, म्हणजे आमची आई, लोकांच्या घरी पापड-शेवया करून द्यायची. मी नर्सिंगचा कोर्स करून कित्तूरकर डॉक्टरांच्या हाडांच्या दवाखान्यात लागले त्याला सात वर्षं झाली होती. गडहिंग्लजमध्ये आमचं दोन खोल्यांचं घर माझ्या पगारावर चालायचं.

नंदा पळायची. हायस्कूलचे शिंत्रे सर पहाटे चार मुलींना घेऊन आजऱ्याच्या रस्त्याला जायचे. वर्षभरात तिघी गळाल्या, ही राहिली. शंभर-दोनशे मीटरमध्ये तिला रस नव्हता. पाच-सहा किलोमीटर झाल्यावर इतरांची मान खाली जाते, तिथं हिची वर यायची. अठराव्या वर्षी ती दहा हजार मीटरमध्ये जिल्ह्यात पहिली आली. सर सायकलवरून तिच्या मागं जायचे. आठवड्याला शंभर किलोमीटरच्या वर पळणं, तेही डांबरावर आणि तळवे सपाट झालेल्या बुटांत.

त्या वर्षी श्रावणात तिची टाच दुखायला लागली. सकाळी अंथरुणातून उठली की भिंत धरायची. पाऊल बाहेरच्या कडेवर टाकत, लंगडत न्हाणीपर्यंत जायची. वीस-पंचवीस पावलं झाली की म्हणायची, "बघ, गेलं." संध्याकाळी पळून आली की पुन्हा तेच. मला ते चांगलं वाटेना. मी तिला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तिच्या पायाची बोटं मागं ओढली आणि तळव्यावर अंगठा फिरवला. टाचेच्या आतल्या कडेला अंगठा आला तशी ती ओरडली.

"हा बघ," डॉक्टर म्हणाले, "टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा ताणून बांधलेला असतो. पायाची कमान त्याच्या जोरावर उभी राहते. पाऊल टेकलं की कमान थोडी दबते, पट्टा ताणतो. पाऊल उचललं की परत जागच्या जागी. चालणाऱ्या माणसाला याचं काही वाटत नाही. तू किती पळतेस?"

"पंधरा-सोळा किलोमीटर. रोज."

"म्हणजे रोज हजारो वेळा तो ताणला जातो. टाचेपाशी त्याचे धागे झिजून तुटायला लागलेत. झोपेत शरीर ते सांधायला बघतं आणि सकाळी तू उभी राहिलीस की पहिल्याच पावलाला सांधलेलं उसवतं. म्हणून सकाळी जास्त दुखतं."

"मग काय करायचं, डॉक्टर?"

"तीन महिने पळायचं नाही."

नंदानं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं. वेदना फार होती म्हणून त्यांनी त्या दिवशी एक इंजेक्शन दिलं. व्यायाम दाखवले, बुटात घालायला टाचेखालची गादी लिहून दिली. नंदा बाहेर बाकावर जाऊन बसल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि आणखी चार वाक्यं बोलले. मी "हो डॉक्टर" म्हणून ट्रे उचलला.

नंदा तीन महिने थांबली नाही. तीन आठवडे थांबली. बरं वाटलं म्हणून थोडं पळाली, मग जास्त पळाली आणि दिवाळीच्या सुमाराला टाच पहिल्यापेक्षा वाईट दुखायला लागली. पुण्यात राज्याच्या संघाची निवड चाचणी महिन्यावर आली होती. पहिल्या दोघींना संघात घेणार होते, आणि संघात गेलेल्या मुलींना पोलीस खात्यात खेळाडू म्हणून नोकरी लागल्याची उदाहरणं होती.

एका संध्याकाळी शिंत्रे सर घरी आले. आत या म्हटलं तरी बाहेरच्या कट्ट्यावरच बसले.

"नंदा, आपण नाव मागं घेऊया," ते म्हणाले.

नंदानं दुखरं पाऊल मागं घेतलं.

"तुझं वय एकोणीस. लांबचं पळणाऱ्या बायका तिशीत जोरात येतात. हे वर्ष गेलं तर काही जात नाही. पाय गेला तर सगळं गेलं."

"सर, तोवर नोकरी कोण देणार?"

"पुढच्या वर्षी मी स्वतः तुला घेऊन जातो. माझा शब्द आहे."

नंदा रडली. पण सरांचा शब्द तिच्यासाठी शेवटचा असायचा. डोळे पुसून म्हणाली, "बरं सर."

सर गेल्यावर अव्वा तांदूळ निवडत बसली होती. वर न बघता मला म्हणाली, "नंदाचं पुढच्या वर्षावर गेलं. म्हंजे तुझंबी पुढच्या वर्षावर."

माझं म्हणजे माझं लग्न. संकेश्वरच्या हायस्कूलातले एक शिक्षक दोन वर्षांपूर्वी मला बघून गेले होते. त्यांना मी पसंत होते, मलाही ते आवडले होते. अव्वानं सांगितलं होतं की धाकटी नोकरीला लागेपर्यंत थांबा, घरात एक तरी कमावतं माणूस राहायला पाहिजे. ते थांबले. दोन वर्षं थांबले. आता त्यांच्या घरून निरोप आला होता की संक्रांतीपर्यंत ठरवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो.

दुसऱ्या दिवशी नंदा भांडी घासत होती, तिच्याजवळ जाऊन बसले.

"तुला खरंच नाव मागं घ्यायचंय?"

"मला कुठं घ्यायचंय? पण सर म्हणत्यात."

"सर डॉक्टर आहेत का?"

तिनं हात थांबवले.

"परवा गुरुवार आहे," मी म्हणाले. "दुपारी दवाखान्यात ये."

इंजेक्शननंतर नंदा आठवडाभरात पूर्ण पळायला लागली. तिनंच सरांना गळ घातली की बरं वाटतंय, नाव राहू द्या. सरांनी तिला मैदानाच्या पायरीवर बसवलं, बूट काढायला लावला आणि अंगठ्यानं टाच दाबली. मीही तिथं होते. नंदा हूं की चूं करेना. सरांनी पुन्हा दाबली, जास्त जोरानं.

"दुखत नाही?"

"न्हाई सर."

"एवढ्यात कसं थांबलं?"

"व्यायाम केला की रोज."

सरांनी तिचं पाऊल हलकेच खाली ठेवलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बूट उचलून त्यातली वाळू झाडायला लागले.

पुण्याला आम्ही तिघं एसटीनं गेलो. स्पर्धेच्या सकाळी सरांनी स्वतःच्या हातानं तिच्या तळव्याला चिकटपट्टी बांधली, टाचेपासून कमानीखालून आडवी-उभी. "दुखलं की थांबायचं," ते म्हणाले. "एक पाऊल जास्त टाकायचं नाही. कळलं?" नंदानं मान हलवली. तिचं लक्ष मैदानाकडे होतं.

दहा हजार मीटर म्हणजे मैदानाला पंचवीस फेऱ्या. सोळा मुली होत्या. पहिल्या दहा फेऱ्या नंदा सहावी-सातवी होती. तेराव्या फेरीला चौथी. पंधराव्याला तिसरी. सर दोरीला धरून उभे होते आणि ती समोरून गेली की वेळ सांगत होते. सतराव्या फेरीत तिनं पुढच्या मुलीला वळणावर मागं टाकलं. दुसरी! मी उभी राहिले. संकेश्वरला कुठल्या दिवशी कळवायचं, हेसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगू.

अठराव्या फेरीत, आमच्यासमोरच, ती थांबली.

ती अडखळली नाही की पडली नाही. कुणी मागून हाक मारावी तशी थांबली आणि उजवं पाऊल उचलून एका पायावर उभी राहिली. मागच्या मुली तिला वळसा घालून गेल्या. मग ती खाली बसली. सर दोरीखालून आत धावले, मी त्यांच्या मागं.

"अक्का, टाकन् आवाज झाला," नंदा म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "पायातनं आवाज आला. दोरी तुटल्यागत."

सरांनी चिकटपट्टी कापली. कमानीखाली बघता बघता सूज आली आणि संध्याकाळी परतीच्या एसटीत तळवा वांग्यासारखा जांभळा झाला होता. नंदाचा पाय सरांनी स्वतःच्या मांडीवर घेतला होता, खड्ड्यात गाडी आदळली की दोन्ही हातांनी धरायचे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय हातात घेतला आणि तळवा दाबून बघितला. मग तिला उभं केलं. डाव्या पायाखाली कमान होती, बोट जाईल एवढी. उजव्याखाली कागदही गेला नसता.

"पट्टा तुटलाय," ते म्हणाले. "पूर्ण." मग टाचेची आतली बाजू उजेडाकडे वळवली. "मी दिलं त्यानंतर इंजेक्शन घेतलंस?"

नंदा पाऊल सोडवून घ्यायला लागली.

"महानंदा, खरं सांग. हा पट्टा असा आपोआप तुटत नाही. कुणी दिलं?"

मी एक्स-रेचं पाकीट घेऊन तिच्या मागं उभी होते. डॉक्टरांची नजर तिच्यावरून माझ्यावर यायला लागली. ती माझ्यापर्यंत पोचायच्या आत नंदा बोलली.

"शिंत्रे सरांनी."

"काय?"

"पुण्यात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी. त्यांच्या वळखीचा कोणतरी आणला हुता."

डॉक्टरांनी मला विचारलं, "तू बरोबर होतीस. तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. एक शब्द. पण तो मी म्हणाले.

डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी त्याच दिवशी शाळेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं की तुमचे क्रीडाशिक्षक मुलींना चोरून इंजेक्शनं देतात. पंधरा दिवसांनी नंदाला ऑफिसात बोलावलं. मी तिला रिक्षातून नेलं, पाय प्लास्टरमध्ये होता. तिथं तिनं तेच पुन्हा सांगितलं, मान खाली घालून. सर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. अध्यक्षांनी विचारलं, "शिंत्रे, तुमचं काय म्हणणं आहे?"

सर नंदाकडे बघत होते. मग एकदा माझ्याकडे.

"ती म्हणते तर तसं असेल," ते म्हणाले. "मला पोरीला खोटं पाडायचं नाही."

त्यांच्याकडून मैदान काढून घेतलं. निवृत्तीपर्यंत अकरा वर्षं त्यांना कचेरीत दाखले लिहायला बसवलं. गावात लोक त्यांच्याबद्दल जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तरुण मुली आणि इंजेक्शन, एवढं लोकांना पुरे होतं. त्यांच्या थोरल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं.

माझं लग्न झालं. नंदानंच अव्वाला तयार केलं. "अक्काचं हूं दे," ती म्हणाली, "घरचं मी बघते." सहा महिन्यांनी ती आजऱ्याला काजूच्या कारखान्यात लागली. तिथं बसून काम असतं. उभं राहायचं काम तिला जमत नव्हतं, अर्ध्या तासात पाय सुजायचा. पुढं तिचंही आजऱ्यातच लग्न झालं, मुलगी झाली, ईश्वरी. मी संकेश्वरला सुखात होते. नवरा चांगला मिळाला. तिथल्या दवाखान्यात मला नोकरीही मिळाली.

नंदा मला दर रविवारी फोन करायची. पायाबद्दल कधी तक्रार नाही. उलट मी विषय काढला तर म्हणायची, "अक्का, माझ्यासाठी तू नोकरी डावावर लावली हुतीस." तिला अभिमान होता त्याचा. आपण सरांचं नाव घेतलं याचं तिला वाईट वाटायचं, पण बहिणीला वाचवायला घेतलं, एवढं तिला पुरत होतं.

चार वर्षांपूर्वीच्या एका रविवारी तिचा फोन आला.

"अक्का, ईश्वरीची टाच दुखाय लागलीया. माझ्यासारखीच. सकाळी उठली की भिंत धरती."

ईश्वरी तेव्हा चौदा वर्षांची होती. पळायची. मला माहीत होतं.

"पळणं बंद कर तिचं," मी म्हणाले.

"तिचे सरबी तेच म्हणत्यात. पण जिल्ह्याची स्पर्धा पंधरा दिवसांवर आलीया गं. पोरगी रडून गोंधळ घालतीया. मी म्हटलं, अक्काला इचारू. ते माझ्या वेळचं इंजेक्शन देशील का?"

"नंदा..."

"माझं फुटकं नशीब, त्याला इंजेक्शन काय करणार? ते हुतं म्हणून तर सतरा फेऱ्या पळाले. तूच म्हणाली हुतीस न्हवं, काही होत नाही म्हणून."

मी खुर्चीवर बसले. बाहेर मिस्टर झाडांना पाणी घालत होते. मी उठून दार लावून घेतलं.

"नंदा, ऐक. पहिलं इंजेक्शन दिलं त्या दिवशी तू बाहेर बाकावर बसली होतीस. डॉक्टरांनी मला थांबवून सांगितलं होतं. दुसरं द्यायचं नाही म्हणाले. या औषधानं दुखणं झोपतं, पण पट्टा कमजोर होतो. त्यावर ती पळाली तर पट्टा तुटेल आणि कमान कायमची बसेल. तू घरात आहेस, तू लक्ष ठेव. असं म्हणाले होते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेस ना?"

"तुला ठावं हुतं."

"हो."

"सुई घालायच्या आधी."

"हो."

"मग का गं?"

मी संकेश्वरचं सांगितलं. संक्रांतीचा निरोप सांगितला. तुटेलच असं वाटलं नव्हतं, तेवढी एक चाचणी निघून जाईल असं वाटलं, तेही सांगितलं. सांगताना माझं मलाच ते ऐकवेना.

नंदा रडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तरी चाललं असतं. ती अगदी हळू बोलली.

"पायाचं राहू दे, अक्का. मी सरांचं नाव घेतलं. तुझ्यासाठी घेतलं. देवासारख्या माणसाला मातीत घातला. त्यांचं मी आता काय करू, तेवढं सांग."

मी "नंदा" म्हणेपर्यंत तिनं फोन ठेवला होता.

ईश्वरीला तिनं तीन महिने घरी बसवलं, पाय बरा झाला. हे मला अव्वाकडून कळलं. नंदानं त्यानंतर माझा फोन उचललेला नाही. राखी-दिवाळीला मी अव्वाकडे गेले की ती येत नाही. ती असली तर मी जाऊ नये, असा निरोप येतो.

गेल्या वर्षी गडहिंग्लजच्या बाजारात शिंत्रे सर दिसले. सत्तरी ओलांडलेली, हातात काठी. मी टाळून पुढं जाणार होते, त्यांनीच हाक मारली.

"लीला! नंदा येऊन गेली माझ्याकडे. असा पाय घेऊन आजऱ्याहून आली. पायांवर डोकं ठेवून रडली. उठेचना."

मी मान खाली घातली. "सर, मी..."

"मी तिला म्हटलं, मला तेव्हाच माहीत होतं. पायरीवर टाच दाबली ना, तेव्हाच. ज्या पोरीला आठ दिवसांपूर्वी पाऊल टाकता येत नव्हतं, तिला एकदम दुखेना. हाडांच्या दवाखान्यात काम करणारं तुमच्या घरात एकच माणूस होतं. त्याच दिवशी मी नाव काढून घ्यायला पाहिजे होतं. नाही काढलं. मलाही वाटलं, जाऊ दे, पळू दे. तेवढं माझंही आहेच."

"मग ऑफिसात तुम्ही बोलला का नाही, सर?"

सरांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"बोलून काय झालं असतं? पाय तर गेलाच होता तिचा. म्हटलं, बहीण तरी राहू दे."

बाजूनं भाजीची गाडी आली. आम्ही दोघं कडेला सरकलो. सरांनी विचारलं, "येते ना ती तुझ्याकडे? बोलता ना दोघी?"

"बोलतो, सर," मी म्हणाले. "दर रविवारी."